दुपारचे बार: फोर्ट ते वांद्रे, शुक्रवार ते रविवार

मुंबईतले जुने बार बघायचे असतील तर दुपारी जावं. रात्री सगळेच बार सारखे वाटतात. दुपारी तीनच्या सुमारास जेवणाची गर्दी ओसरलेली असते, गल्ल्यावरचे शेठ पेपर चाळत असतात, वेटरला दोन शब्द बोलायला उसंत असते आणि दारातून येणाऱ्या उजेडात फरशी, लाकूड, आरसे, छताची उंची सगळं नीट दिसतं. हे शहर कुणी कुणी वसवलं, कुठल्या कायद्याने त्याला काय करायला लावलं, हे त्या उजेडात कळतं. कॉलेजच्या दोस्तांना मी हे कधीचं सांगत होतो. या डिसेंबरात सगळे एकदाचे जमले.

सांगलीकर वकील आहे. नाशिकची आमची मैत्रीण आर्किटेक्ट. वसईकर बँकेत. डोंबिवलीकर थेंबही घेत नाही, पण टेबलावर त्याच्याइतका रमणारा दुसरा नाही. आणि मी गिरगावातला, म्हणून वाटाड्या. ठरलं ते एवढंच: एका ठिकाणी एकच ग्लास, पोटभर खाणं, आणि मधलं अंतर होता होईल तेवढं पायी.

शुक्रवार: बॅलार्ड इस्टेट, फोर्ट, गिरगाव

सांगलीकर सकाळी महालक्ष्मीने उतरला, नाशिकची पंचवटीने आली. सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेट चालत दहा-पंधरा मिनिटं. पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव घालून 1908 ते 1914 च्या दरम्यान हा भाग उभा केला. आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडिया बांधला. इथल्या इमारतींच्या कार्निसा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या कडा, एका रेषेत चालतात हे नाशिकच्या मैत्रिणीने दाखवल्यावर दिसलं. त्याआधी मी या रस्त्यावरून असंख्य वेळा गेलो होतो, पण मान वर करून बघितलं नव्हतं. बोटीने येणारे लोक इथेच उतरायचे आणि बंदराला लागूनच आगगाडी उभी असायची. गोदी म्हटली की खलाशी आले, आणि खलाशी आले की खाण्यापिण्याची दुकानं आलीच.

जेवायला ब्रिटानियात गेलो. 1923 पासूनचं हे इराणी हॉटेल दुपारचंच जेवण देतं आणि इथे दारू नाही, तरीही सुरुवात इथूनच करायची माझी इच्छा होती. बेरी पुलाव आणि पालनजीची लाल रास्पबेरी. पालनजी ही पारशी सोडा कंपनी 1865 पासूनची. काचेच्या बाटलीतली ती गोड सोडा डोंबिवलीकराने लागोपाठ दोनदा मागवली आणि पुढचे सगळे दिवस तो प्रत्येक ठिकाणी रास्पबेरी आहे का हे विचारत राहिला.

तिथून कॅफे युनिव्हर्सल, 1921 चं. इराण्यांची कोपऱ्यावरची जागा कशी असते हे बघायचं तर इथे यावं. दोन बाजूंनी रस्ता, दोन्हीकडून उजेड, आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसतं आणि बाहेरचा सगळा रस्ता आतल्याला. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून सोडून द्यायचे आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळायची, असं जुने लोक सांगतात. चहा, ब्रून मस्का, खिमा यांवर ही हॉटेलं पिढ्यान् पिढ्या चालली. पुढे उडप्यांची स्पर्धा आली, जागांचे भाव चढले, घरची मुलं दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि बऱ्याच इराण्यांनी तग धरण्यासाठी बिअरचा परवाना घेतला. मुंबईत आज जिथे जिथे उंच छताखाली, उघड्या दाराशी बसून बिअर पिता येते, तिथे बहुधा मागे एक इराणी असतो. आम्ही दाराजवळचं टेबल पकडलं. बिअर थंडगार होती, बाहेर डिसेंबरचं ऊन होतं, आणि बंदराकडून येणारे ट्रक मधूनच खिडकी अडवत होते.

नंतर हॉर्निमन सर्कल. समोर 1833 सालचं टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी. बी. जी. हॉर्निमन हे बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक. त्याच वर्तमानपत्राचे नंतरचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या नावाचा रस्ता इथून हाकेच्या अंतरावर. एका पेपरचे दोन संपादक असे शेजारी शेजारी नांदताहेत याचा मला नेहमी आनंद होतो. ब्रेलवी रस्त्यावरच अपूर्वा आहे, मंगळूरी मासे आणि बार. पण पोटात पुलाव होता म्हणून तिथला बोंबील संध्याकाळवर टाकला आणि नगीनदास मास्टर रोडवरच्या कॅफे मिलिटरीत शिरलो.

मिलिटरी 1933 ची. कोर्टातले लोक, शेअर बाजारातले लोक, आसपासच्या ऑफिसांतले कारकून, सगळे एकाच तऱ्हेच्या टेबलांवर. खिमा-पाव मागवला. खिमा कोरडा, मिरीचा झणका असलेला, वर सल्ली, म्हणजे बटाट्याच्या आगकाडीसारख्या बारीक तळलेल्या सळ्या. सल्ली भिजायच्या आत खायची असते. पावाचा तुकडा मोडायचा, त्यावर खिमा, खिम्यावर सल्ली, आणि ती दाताखाली कुरकुरतेय तोवर बिअरचा घोट. वसईकराने पहिल्या घासानंतर बोलणंच थांबवलं.

सांगलीकराला मात्र तिथेच कायदा सुचला. फोर्टात बसून वकिलाला कायदा न सुचला तरच नवल.

"मुंबई दारूबंदी कायदा, 1949," तो म्हणाला. "अजूनही आहे. रद्द झालेलाच नाही. आपण जे पितोय ते बंदीला दिलेल्या सवलतीत."

ते खरंच आहे. काँग्रेसच्या पहिल्या सरकारने 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी आणली होती. खातं होतं डॉ. गिल्डर या पारशी मंत्र्यांकडे, आणि सगळ्यात मोठा विरोधही पारशांचाच. ताडी आणि दारूच्या धंद्यात त्यांची कितीतरी घराणी होती. दारूवाला, ताडीवाला, बाटलीवाला ही आडनावं तिथलीच. ते सरकार काही महिन्यांतच गेलं. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहाने नवा कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून संपूर्ण बंदी आली. एफ. एन. बलसारा नावाचे पारशी गृहस्थ त्याविरुद्ध कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि ओ दे कोलोनसुद्धा जवळ बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. सुप्रीम कोर्टाने 1951 मध्ये औषधं आणि प्रसाधनांपुरतं त्यांचं ऐकलं, बाकी कायदा बराचसा टिकला. हा निकाल आजही लॉ कॉलेजात शिकवतात, असं सांगलीकर म्हणाला आणि कलमांची यादी सुरू करणार तेवढ्यात नाशिकच्या मैत्रिणीने त्याच्यापुढे पावाची बशी सरकवली.

साठच्या दशकात कायदा सैल झाला आणि परवाने सुटले. ज्याच्याकडे परवाना त्यालाच प्यायला मिळेल अशी खोली, ती परमिट रूम. आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. त्यावर लिहिलेलं असतं की हे मद्य आरोग्याच्या रक्षणासाठी आहे. मी माझा आजन्म परवाना पाकिटातून काढून दाखवला. तो सगळ्यांनी हातात घेऊन वाचला.

अपूर्वातला बोंबील झाला, सुरमईची गस्सी झाली, आणि रात्री मी सगळ्यांना गिरगावात आमच्या गल्लीजवळच्या परमिट रूममध्ये नेलं. तिचं नाव इथे देत नाही. तिथल्या लोकांना आपली शांतता प्यारी आहे.

दिवसभर इराण्यांकडे बसून आल्यावर फरक चटकन जाणवला. दार स्प्रिंगचं, काच काळी, आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो. खाली साधा विभाग, वर पोटमाळ्यावर एसी, तिथे हाताने छताला टेकता येतं. नाशिकची म्हणाली, "इराण्याची जागा रस्त्याकडे तोंड करून बसलीय आणि ही रस्त्याकडे पाठ करून." मला हे फार पटलं. इराणी हॉटेलं बंदीच्या आधी जन्मली, तेव्हा बसण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. परमिट रूम बंदीच्या पोटी जन्मली. आतला माणूस ओळखीच्या कुणाला दिसू नये हीच तिची मूळ गरज, आणि पन्नासेक वर्षांनंतरही ती तिच्या भिंतींतून गेलेली नाही.

पण या अंधारात जी माणुसकी आहे ती मला दुसरीकडे सापडत नाही. मालक शेट्टी, उडुपीकडचे. मुंबईतल्या बहुतेक परमिट रूम त्याच मुलखातल्या लोकांच्या. वेटर काका आमच्या टेबलाशी आले, हातात ओल्ड मंकची बाटली आणि स्टीलचं दुतोंडी मेझर. तीस एमएलचं तोंड खाली, साठचं वर. त्यांनी मेझर डोळ्यांसमोर धरलं, रम अगदी काठोकाठ आली तेव्हा क्षणभर थांबले, टेबलावरच्या सगळ्यांनी ती बघितली याची खात्री केली, आणि मग मनगट एकदाच वळवून ग्लासात रिकामी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत मेझर उलटंच धरलं. एकही थेंब बाहेर नाही. गिऱ्हाइकासमोर माप दाखवून ओतायचं, हा इथला शिरस्ता आहे. ज्याने दिवसभर राबून नाइंटीचे पैसे बाजूला काढलेत त्याला ते माप दिसलं पाहिजे, आणि काका ते प्रत्येकाला दाखवतात, मग तो आमच्यासारखा गप्पा मारायला आलेला असो की कोपऱ्यात एकटा बसणारा. बरोबर चखणा आला: उकडलेले शेंगदाणे कांदा-टोमॅटो घालून, काकडीच्या चकत्या, मसाला पापड. डोंबिवलीकराने लिंबू-सोडा घेतला आणि शेंगदाण्यांची बशी स्वतःजवळ ओढली. शेजारच्या टेबलावर दोन वयस्क गृहस्थ हळू आवाजात रणजीच्या जुन्या मॅचबद्दल वाद घालत होते. आमचा वसईकर त्यात कधी सामील झाला ते कळलंच नाही.

शनिवार: धोबी तलाव, काळा घोडा, कुलाबा

सकाळी कयानीत ब्रून मस्का आणि चहा. 1904 पासूनची ही बेकरी मेट्रो सिनेमाच्या समोर. ती ज्या इमारतीत आहे तीच जेर महाल. या इमारतीत गोव्यातल्या गावांचे कुड आहेत. बोटीवर काम करणारे गोवेकर दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत आपल्या गावच्या कुडात उतरत. एका खोलीत अनेकांचे पेटारे, समोर देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना.

बंदीच्या काळात धोबी तलाव, माझगाव, माहीम, वांद्रे या ख्रिस्ती वस्त्यांमधून आंट्यांचे अड्डे चालत. घरातली पुढची खोली, दोन बाकं, उकडलेली अंडी, मिठाचे चणे आणि हातभट्टीची. माल सायकलच्या ट्यूबांत भरून यायचा. वसईकराच्या नात्यातल्या एका बाईंनी असाच अड्डा चालवून तीन मुलांना शिकवलं. हे तो आम्हाला पहिल्यांदाच सांगत होता, जेर महालच्या जिन्याखाली उभा राहून. नवरा बोटीवरून परतला नव्हता. पोलिस यायचे, हप्ता घ्यायचे, कधी माल ओतून द्यायचे. घरात ही गोष्ट कुणी काढत नाही, कारण सगळे आता चांगल्या नोकऱ्यांत आहेत. मला वाटतं ती काढली पाहिजे. बंदीचा इतिहास आपण कायद्याच्या बाजूने लिहितो, पुढाऱ्यांच्या भाषणांनी लिहितो. ज्या बायकांनी त्या काळात शहराला दारू पाजली आणि त्या पैशांवर घरं चालवली, त्यांच्या नावाची एक पाटीही कुठे नाही.

काळ्या घोड्याला वॉटसन हॉटेल बघितलं, म्हणजे आताची एस्प्लनेड मॅन्शन. बिडाच्या सांगाड्याची ही इमारत इंग्लंडमध्ये घडवून बोटीने इथे आणली आणि 1860 च्या दशकात जोडून उभी केली. लुमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे, 7 जुलै 1896 ला. इथल्या बारमध्ये वाढायला इंग्रज बायका होत्या. आता सगळं रिकामं, सज्जे लोंबणारे, भोवती कुंपण. नाशिकच्या मैत्रिणीला तिथून हलवणं कठीण गेलं. असा सांगाडा जगात फार कमी ठिकाणी उरलाय, असं ती म्हणत होती आणि एकेक खांब निरखत होती.

रिगलच्या चौकात आलो की एका बाजूला महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय दिसतं. पुष्कळांना ठाऊक नसतं की ही दगडी इमारत 1876 साली खलाशांसाठी निवास म्हणून बांधली गेली. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्याने नंतर व्हीटी स्टेशन बांधलं. बंदरावर उतरलेल्या खलाशाने गुत्त्यांत पैसे उडवू नयेत, बरी खोली आणि बरं जेवण मिळावं, हा त्यामागचा उद्देश.

आणि चौक ओलांडला की माँडेगार. 1932 चं, इराण्यांनीच सुरू केलेलं. भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, एका भिंतीवर मुंबई आणि दुसऱ्या भिंतीवर हे हॉटेलच. मी सगळ्यांना चित्रांकडे तोंड करून बसवलं. मारिओंची माणसं एकमेकांना चिकटून, गर्दी करून असतात, आणि तरीही प्रत्येकाचं नाक वेगळं, पोट वेगळं, नजर वेगळीकडे. बघता बघता सांगलीकराने चित्रातल्या एका जाड्या गृहस्थाशी खाली बसलेल्या एका जाड्या गृहस्थाची जोडी लावली. ज्यूकबॉक्सचं गाणं, बिअरचा मग, चिली चीज टोस्ट. दुपार चांगलीच रंगली.

लिओपोल्डमध्ये आम्ही थोडाच वेळ थांबलो. 1871 पासूनचं नाव, सुरुवातीला तेलाचं दुकान, मग हॉटेल. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवाद्यांनी इथे गोळीबार केला. हॉटेलात बसलेली माणसं मेली, वेटर मेले. काही दिवसांतच दारं पुन्हा उघडली. भिंतीवरच्या आणि काचेवरच्या गोळ्यांच्या खुणा बुजवलेल्या नाहीत. टुरिस्ट त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात, ते मला बघवत नाही. आम्ही आत बसलो, खुणा बघितल्या, एक बिअर चार जणांत वाटून घेतली, आणि फार न बोलता उठलो. त्या रात्री डोंबिवलीकर सीएसएमटीला होता. त्याची गाडी दहा मिनिटं आधी सुटली होती.

संध्याकाळी ताजमधला हार्बर बार. आमच्या खिशाला जड, पण हा 1933 चा, मुंबईतला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जाणारा. तो टाळून मुंबईच्या बारची गोष्ट पुरी होत नाही. खिडकीतून गेटवे आणि बोटी. अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली, त्या दिवशी बंदरात आलेल्या एका अमेरिकनासाठी इथे एक खास कॉकटेल बनवलं गेलं, अशी हॉटेलची गोष्ट आहे. ते आजही ज्योत लावून देतात. आम्ही एक मागवलं आणि फिरवलं. मुंबईत पुढे 1950 मध्ये तीच बंदी पूर्ण रूपात येणार होती.

ताजच्या मागच्या बाजूला, टलक रोडवर, बडेमियाँच्या शेजारी गोकुळ आहे. एका इमारतीची सावली दुसऱ्यावर पडेल एवढं अंतर. तिथे स्टीलचा जग, गर्दी, कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले, परदेशी पाठपिशवीवाले, सगळे खांद्याला खांदा लावून. ताजमधल्या एका ग्लासाच्या पैशांत आमचं पाच जणांचं गोकुळमध्ये झालं. सी-लिंक, टॉवर, मॉल ही मुंबई दाखवायला सगळेच असतात. पण या दोन टेबलांमधलं अंतर जो पायी चालला नाही, त्याला हे शहर कळलं असं मी मानत नाही. रात्री बडेमियाँकडे उभं राहून बैदा रोटी खाल्ली. 1946 पासून रस्त्यावर शेगडी पेटवणारं हे ठिकाण. मग शेवटची गाडी पकडायची घाई.

रविवार: दादर, लोअर परळ, वांद्रे

वसईकराचा आग्रह होता की एक सकाळ ताडामाडासाठी हवी. म्हणून दादरला स्टेशनजवळच्या केंद्रावर नीरा प्यायलो. नीरा थंडीतच चांगली, आणि सकाळीच. झाडावरून उतरवल्यावर थंड ठेवली नाही तर ती आंबते आणि तिची ताडी होते. नारळाची असेल तर माडी. डोंबिवलीकराला इतक्या ठिकाणांनंतर स्वतःचं पेय मिळालं आणि त्याने तीन ग्लास घेतले. गोडसर, थोडी खारट, मागून ताडगोळ्याचा वास.

मुंबईच्या पिण्याचा इतिहास इराण्यांपासून सुरू होत नाही, इंग्रजांपासूनही नाही. तो या झाडांपासून सुरू होतो. माहीम ते कुलाबा माडांनी भरलेल्या बेटांवर भंडारी माडी काढायचे. सतराव्या शतकात इंग्रजांनी बेटाच्या रक्षणासाठी याच भंडाऱ्यांचं सैन्यदल उभं केलं. आणि त्याच इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणून झाडांवरचा कर इतका चढवला की माडी काढणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. स्वस्त, गावची, आंबट माडी मागे पडली आणि गाळलेली दारू पुढे आली, ज्यावर सरकारला भरपूर महसूल मिळायचा. वसईकर म्हणाला, "आमचा आजा माडावर चढायचा. कमरेला कोयता, पाठीला मडकं. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा." ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात गरम मसाल्यांचं खिमाड नावाचं पेय अजूनही करतात, तेही त्याने सांगितलं. पुढच्या हंगामात वसईला यायचं आमंत्रणही तिथल्या तिथे दिलं.

लोअर परळला फार वेळ घालवला नाही. मथुरादास मिल कंपाउंड, आत टॉइट. तांब्या-स्टीलची यंत्रं काचेपलीकडे आणि बिअर तिथेच बनवलेली. पुण्यात डूलाली ही अशी जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी 2009 मध्येच सुरू झाली होती. मुंबईला पहिली ब्रूपब मिळायला 2013 उजाडलं, आणि तीही याच मिल कंपाउंडात. गव्हाची बिअर उत्तम होती, केळं-लवंगेचा वास येणारी. नाशिकच्या मैत्रिणीने वाइनवाल्या गावाची असूनही ती मोकळ्या मनाने वाखाणली. पण माझं मन तिथे लागत नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. माझे काका त्यांतले एक. ज्या चिमणीखाली ते पाळी संपवून बाहेर पडायचे, तिथे आता जो ग्लास मिळतो तो त्यांच्या तेव्हाच्या पगारात बसला नसता. शेजारच्या कमला मिल कंपाउंडात 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री छतावरच्या रेस्टॉरंटांना आग लागून 14 जण गेले. जागा बदलली म्हणून वापर बदलतो, ते मला समजतं. पण इतक्या बारांच्या या गल्ल्यांत गिरणीची आठवण सांगणारा एखादा फलक, एखादा जुना माग तरी दाराशी ठेवायला काय हरकत आहे? विटा तेवढ्या उघड्या ठेवतात, सजावटीसाठी.

दुपारी वांद्र्याला उतरलो. रनवारच्या गल्ल्यांतून, क्रुसांजवळून, लाकडी जिन्यांच्या घरांमधून पाली नाक्याकडे. जनता लंच होममध्ये रविवारच्या दुपारी जागा मिळणं म्हणजे नशीबच. आम्हाला मिळाली, मागच्या बाजूची. इथे स्ट्रगल करणारे नट, जाहिरातीतली पोरं, गावठाणातले म्हातारे, सगळे एकाच प्लास्टिकच्या मेनूकार्डावर बोट ठेवतात. तळलेली कोळंबी, चिकन, रम, सोडा. संध्याकाळी जवळच्याच टोटोज गराजमध्ये. बारच्या वर फोक्सवॅगन बीटल गाडी टांगलीय, वेटर गराजवाल्यांच्या कपड्यांत, गाणी जुनी आणि मोठ्याने. शेवटचं गाणं लागलं तेव्हा सांगलीकर, ज्याने तीन दिवस फक्त कलमं सांगितली होती, उभा राहून गायला लागला आणि शेजारचं सगळं टेबल त्याच्याबरोबर.

कुणाला असंच जायचं असेल तर एवढं सांगतो. बॅलार्ड इस्टेट आणि फोर्ट आठवड्याच्या दिवशीच करा, रविवारी तिथे शुकशुकाट असतो. ब्रिटानियात बारा-साडेबाराला पोचा. बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे, आणि काही ठिकाणी ओळखपत्र मागतात. ड्राय डे आधी बघून घ्या. 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट सगळ्यांना माहीत असतात, पण आषाढी-कार्तिकी एकादशीला बाहेरगावचे लोक हमखास फसतात. गाडी आणू नका, लोकल आहे. आणि परमिट रूममध्ये गेलात तर वेटरला माप दाखवायला सांगावं लागत नाही. त्याने दाखवलं की बघा मात्र जरूर.